सरकारी शाळेचं काम चांगलं आहे की नाही, हे मोजायचं कसं?

तुम्ही विचारलंय, शाळांना मिळणाऱ्या श्रेणीवर विश्वास ठेवावा का. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. आमच्या शाळेला 'अ' श्रेणी मिळाली होती, ती कशी ते ऐका.

ती शाळासिद्धीतली, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनाच्या सरकारी पद्धतीतली. तीत ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं होती. आधी शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायचं, मग बाहेरचे निर्धारक येऊन पडताळणार. महिनाभर आम्ही फायलीच केल्या. मानकागणिक एक फाईल, वर रंगीत कागद, आत फोटो. हात धुवायला नळ चार, पाणी एकालाही नाही. त्या दिवशी हापशावरून बादल्या आणून टाकीत मीच ओतल्या.

चौथीत एक पोरगा होता, आईबाप ऊसतोडीला. दिवाळीनंतर कारखान्यावर जायचा, तो पाडव्याच्या सुमारास परत. जोडाक्षर आलं की अडायचा. निर्धारक आले त्या सकाळी आमच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख सर म्हणाले, "बाई, त्याला झाडांना पाणी घालायला लावा." मी लावलं. मी आत वाचनप्रगतीचा तक्ता दाखवत होते आणि तो झारी घेऊन खिडकीतून बघत होता. निर्धारकांनी एकाही मुलाला पुस्तक उघडायला सांगितलं नाही. पोहे खाल्ले, शेरेबुकात 'उपक्रमशील शाळा' लिहिलं, गेले.

त्यावरून केंद्रप्रमुख सरांशी माझं वाजलं. त्यांचं एकच, "बाई, कागद बोलतो."

कागदाऐवजी मुलांचं वाचनच तपासणारं 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५पासून चालू आहे. ते मुलाच्या घरी जातात, त्यामुळे सजावटीला वाव नाही. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच-दहा मिनिटांत समजतं. २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे ४३ टक्के मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. आमच्या बैठकांत याला 'बदनामी' म्हणतात!

तुम्हीही तेच करा. दुसरीचं पुस्तक घ्या, चौथी-पाचवीतली चार मुलं बसवा, वाचून घ्या. भिंतीवरची श्रेणी बघूच नका.

हां, 'असर'मध्ये जिल्ह्यातली ३० गावं आणि गावागणिक २० घरं असतात, त्यावरून एकेका शाळेचं ठरवता येत नाही. शिवाय वाचन म्हणजे सगळी शाळा नव्हे, आणि पोरगं चार-पाच महिने फडावर असेल तर मास्तरांना किती बोल लावणार?

सर आता निवृत्त झालेत. सर, वाचत असाल तर तुमच्या ४६ फायली अजून कपाटात आहेत. खालच्या खणातल्या वाळवीने खाल्ल्या. उरलेल्या न्यायच्या असतील तर पावसाळ्याआधी या.