अंदान्ते संथ नव्हे, चालते!

प्रश्न असा आहे : पाश्चात्त्य संगीतातल्या ‘अंदान्ते’ या लयदर्शक शब्दाला मराठीत ‘विलंबित’ म्हणावे का, आणि ‘अंदान्तिनो’ त्याहून जलद की संथ?

विलंबित अजिबात म्हणू नये. ‘अंदान्ते म्हणजे संथ’ हे कार्यक्रमपत्रिकांत वाचून वाचून वीट आला आहे. संथ तो ‘लार्गो’. अंदान्तेला मेट्रोनोमवर (ठोके देऊन लय दाखवणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला साधारण ७६ ते १०८ ठोके धरतात. ही सरळ मध्य लय झाली.

इटालियन ‘अंदारे’ म्हणजे जाणे, चालणे. त्यावरून ‘अंदान्ते’ म्हणजे चालता, चालती, चालते. आपणही गाण्याला ‘चाल’च लावतो की! सतारीवरची ‘गत’ही ‘गम्’ धातूची. याहून मौज पुढे आहे. इटालियनमध्ये साध्यासुध्या प्रतीच्या मालालाही ‘अंदान्ते’ म्हणतात आणि जुन्या पत्रव्यवहारात ‘अंदान्ते महिना’ म्हणजे हाच महिना. आपला ‘चालू माल’ आणि ‘चालू महिना’! कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाही, नुसत्या चालण्यातून दोन्ही भाषा त्याच दोन अर्थांपाशी पोचल्या. स्पॅनिशमध्ये ‘काबायेरो अंदान्ते’ म्हणजे साहसाच्या शोधात भटकणारा सरदार. सर्व्हान्तेसच्या कादंबरीतला ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) स्वतःला तेच समजत होता.

‘अंदारे’च्या मुळाबद्दल मात्र माझे बऱ्याच कोशकारांशी भांडण आहे. ते ‘अंबितारे’ असे एक लॅटिन रूप कल्पून त्यावर तारका (लेखी पुरावा नसल्याची खूण) देतात. ‘अंबुलारे’ हे चालण्याचे रोकडे लॅटिन क्रियापद समोर असताना कल्पित रूप कशाला? ‘ल’च्या जागी ‘द’ कसा आला, हा त्यांचा आक्षेप. पण रोज शंभरदा तोंडी येणारी क्रियापदे वेडीवाकडीच झिजतात. फ्रेंच ‘आले’ (जाणे) हे तर अंबुलारेचेच झिजलेले रूप मानतात ना? ‘ॲम्ब्युलन्स’ही त्याच घरची : सैन्यामागून फिरणाऱ्या फ्रेंच इस्पितळावरून आलेली. म्हणून माझ्या मते अंदान्ते आणि ॲम्ब्युलन्स ही चुलत भावंडे आहेत, आणि तारकावाल्यांनी ते मान्य करावे.

राहिला अंदान्तिनो. ‘-इनो’ लघुत्व दाखवतो. म्हणजे ‘जरासे अंदान्ते’. मूळ शब्द ज्याला संथ वाटतो तो हे जलद वाजवतो, ज्याला चालता वाटतो तो संथ. १८१३ साली खुद्द बेथोव्हेनने त्याच्याकडून लोकगीतांच्या संगीतरचना करून घेणाऱ्या एडिंबराच्या प्रकाशकाला, जॉर्ज थॉमसनला, पत्रातून विचारले होते की तुमचा अंदान्तिनो अंदान्तेहून जलद की संथ, ते कळवत जा. आज बहुतेक जण जलद धरतात. व्युत्पत्ती उलट सांगते, पण रूढीपुढे इलाज नाही.

अंदान्तेला मराठी शब्द हवाच असेल तर ‘चालती लय’ लिहा.