तोंडावर कौतुक

प्रिय चिऊ,

काल तू विचारलंस, "आई, माईआजीला फोनवर माझं एवढं छान छान सांगतेस, मग मला का नाही सांगत? मराठी लोक असेच असतात का?" मी "चल, जेवायला बस" म्हणून विषय बदलला. पण लागलं गं ते. म्हणून लिहितेय.

सहावीत मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. नानांनी प्रमाणपत्र चष्म्याजवळ धरून नीट वाचलं आणि म्हणाले, "आडनावातली वेलांटी चुकलीय. उद्या दुरुस्त करून आण." बस्स, एवढंच. पुढे शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं, "काय गं, नाना सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलेत तुझ्या भाषणाचं!" माझं कौतुक माझ्यापर्यंत असं वळसा घालूनच यायचं.

तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं, शिवाय दृष्ट लागते, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते घरात होतंच. नानांचं तर त्याहून वेगळं. त्यांच्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला कडेवर घेणं बरं दिसत नसे. पुतण्याला घेतलेलं चालायचं. त्यामुळे नानांना खांद्यावर बसवून जत्रा दाखवली ती त्यांच्या काकांनी. वडिलांचा आठवतो तो मार.

आणि तरी नानांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. शाळेत छडी सर्रास चालायची तेव्हाची गोष्ट आहे ही. तू वाढतेयस त्या स्वीडनमध्ये १९७९ पासून मुलांना मारायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे शाळेतल्या मारावर देशभर बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. नानांना कुठल्या कायद्याने सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं. गोड बोलणं मात्र जमलं नाही. कुणाचं बघून शिकणार होते?

मी तुला येताजाता जवळ घेते, पापे घेते, हे आमच्याकडे कुठे होतं? पण "छान केलंस" म्हणायची वेळ आली की मलाही आधी वेलांटीच दिसते. आणि खरं सांगू, ते अगदीच वाईट आहे असं मला वाटत नाही. तुमच्या वर्गात प्रत्येक रेघोटीला टाळ्या पडतात, तेव्हा मनात येतं, उद्या टाळ्या वाजल्या नाहीत तर ही काय करेल? आणि लगेच वाटतं, हे मी बोलतेय की नाना?

तुला हे पटलंच पाहिजे असं काही नाही हं. परवाचं तुझं चेलोवादन मला फार फार आवडलं (मधे जरा घाई झाली, ते सोड). लेखी का होईना, सांगितलं.

सुट्टीत गेलीस की नानांनाही विचार हे. "काहीतरीच काय!" म्हणून पेपरात डोकं घालतील. मग स्वयंपाकघरात जाऊन माईला विचार, ती सगळं सांगेल. माझ्याबद्दलचंही.

तुझी,
आई