पडद्यावरचा डाव घरी मांडताना

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेत कर्क आणि स्पॉक ही पात्रं तीन मजली पटावर बुद्धिबळ खेळतात. तसा पट घरी करता येईल का? त्याला नियम आहेत, की नुसतीच शोभा?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मालिका १९६६ची. तेव्हा ती शोभाच होती. पटाची रचना १९७५मध्ये छापून आली आणि पुढच्या वर्षी अँड्र्यू बार्टमेस यांनी खेळण्याजोगे नियम लिहिले. घरं नेहमीइतकीच, ६४. तीन मोठे पाट १६-१६ घरांचे आणि चार छोट्या पाट्या ४-४ घरांच्या. मोठे पाट जिन्यासारखे चढतात आणि वरचा पाट खालच्याच्या दोन ओळींवर येतो.

घर ४ सेमीचं धरा. ६ मिमी प्लायचे १९ सेमीचे तीन चौरस कापा. चारही बाजूंना दीड सेमी मोकळी कड राहील, ती सळयांसाठी. छोट्या पाट्या ८ सेमीच्या. तळाला १८ मिमी प्लाय, ४० बाय २२ सेमी. पाटांचा पृष्ठभाग तळापासून ५, १९ आणि ३३ सेमीवर येऊ द्या.

एम-६ म्हणजे ६ मिमी जाडीच्या, आटे पाडलेल्या सळया एक मीटरच्या दोनच लागतात. प्रत्येकीतून २२, २२, ३६ आणि १६ सेमीचे तुकडे काढले की ४ सेमी उरतात, ते करवतीला जातात. सगळ्यात खालच्या पाटाच्या घरांची पुढची कड शून्य मानून मोजा. १० आणि २३ सेमीवर २२च्या जोड्या तळापासून मधल्या पाटापर्यंत, आणि ३०वर ३६ची जोडी थेट वरच्या पाटापर्यंत. १६ची आखूड जोडी १८ सेमीवर, पण ती फक्त मधल्या आणि वरच्या पाटात. तिला खाली तळापर्यंत नेऊ नका, कारण खालच्या पाटाच्या मागच्या कोपऱ्यावर छोटी पाटी बसवली की ती सळईला अडते. प्रत्येक भोकाला वर-खाली नट, एकूण ३६. तळाखालचे नट खोबणीत बुडवा, नाहीतर पट टेबलावर डुगडुगतो. खालचा पाट एकाच जोडीवर उभा असल्याने पुढून झुकतो. त्याच्या पुढच्या कडेखाली ४.४ सेमीचा ठोकळा चिकटवा.

खरी गोची छोट्या पाटीची. ती मोठ्या पाटाच्या कोपऱ्यातल्या घराच्या टोकावर रोवलेल्या खुंटीवर, ७ सेमी उंचीवर, बरोबर मध्यबिंदूत टेकते. खुंटी गोल असेल तर पाटी गरगर फिरते आणि कुठलं घर कुठल्यावर येतं ते कळेनासं होतं. म्हणून खुंटी चौकोनी घ्या. ६ मिमी प्लायमध्ये ती कलते, तेव्हा बाराही कोपऱ्यांना खालून १२ मिमीची चकती चिकटवून भोक खोल करा. अॅक्रिलिक दिसायला झकास. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेझरवर कापून मिळेल, पण नट जास्त आवळला की भोकापाशी तडा जातो. सोंगट्या छोट्या घ्या. राजा ५ सेमीहून उंच नको, बोटं जायला जागा हवी.

मांडणी अशी : घोडा, उंट, उंट, घोडा मोठ्या पाटाच्या पहिल्या ओळीत आणि त्यांच्यापुढे चार प्यादी. वजीर व हत्ती एका छोट्या पाटीवर, राजा व हत्ती दुसरीवर, दोन्हींच्या पुढे दोन-दोन प्यादी. चाल वरून पाहिल्यावर जशी दिसेल तशीच, मजला कोणताही. त्याच घरावर नुसतं वर-खाली जाता येत नाही. वाटेतल्या घरावर वेगळ्या मजल्यावरची सोंगटी असेल तर वाट अडते का, हे डाव सुरू होण्याआधी ठरवा. आमचं मत, अडते असंच धरा. नाहीतर हत्ती माजतात. पाटी हलवणं हीही एक चाल असते. पहिले काही डाव फक्त रिकामी पाटीच हलवायची.

प्रश्न : शाळेच्या मैदानावर हॅरी पॉटरमधलं, उडत्या झाडूंवरचं क्विडिच खेळवायचं आहे. सामान काय लागेल?
– एक शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : उडणं सोडलं तर बाकी सारं जमतं. अमेरिकेत व्हरमाँटच्या मिडलबरी कॉलेजात २००५मध्ये हा खेळ जमिनीवर आला, २०२२मध्ये त्याचं नाव ‘क्वाडबॉल’ झालं. एका संघात सात जण. झाडूऐवजी मीटरभर पीव्हीसी पाइप मांडीत धरायचा. दोन्ही टोकांना गोल टोपी बसवा, उघडं टोक पडताना पोटात घुसतं. क्वाफल, म्हणजे गोल करायचा चेंडू, हा व्हॉलीबॉल, हवा थोडी कमी करून, म्हणजे एका हातात पकडता येतो. ब्लजर, म्हणजे खेळाडूंना मारायचे चेंडू, म्हणून तीन मऊ रबरी चेंडू. गोलासाठी प्रत्येक बाजूला तीन हूला हूप, ३, साडेचार आणि ६ फुटांवर. खांबाच्या बुडाशी सिमेंट ओतू नका, वाळूच्या पिशव्या ठेवा. पोरं त्यावर आपटतातच.

स्निच, म्हणजे पळून पकडायचा चेंडू, हा कुणाच्या तरी कमरेला मागे लटकवलेला मोज्यातला टेनिस बॉल. हॅरी पॉटरमध्ये तो पकडला की १५० गुण, म्हणजे १५ गोल. बाकीच्यांनी काय घाम गाळला त्याला मग अर्थच उरत नाही. जमिनीवरच्या सुरुवातीच्या नियमांत म्हणूनच ३० ठेवले. तुम्हीही तेवढेच ठेवा. मैदान ओलं असेल त्या दिवशी खेळ बंद. एक हात पाइपवर असल्याने घसरणाऱ्या मुलाला सावरता येत नाही.

प्रश्न : फिझबिनचे पत्ते कुठे मिळतील?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : कुठेच नाही. फिझबिन हा ‘स्टार ट्रेक’मधला पत्त्यांचा खेळ. १९६८च्या भागात कर्क पहारेकऱ्यांना गुंगवायला तो जागच्या जागी रचतो. प्रत्येकाला सहा पत्ते, वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याला सात. दुसरा पत्ता उघडा, मंगळवार सोडून. साधा जोड घ्या आणि मंगळवारी खेळा.