'ओ-कुनी' म्हणजे देश की मुलूख?

प्रश्न असा आहे: जपानी कथेत आगगाडीत भेटलेला एक जपानी दुसऱ्या जपान्याला विचारतो, 'ओ-कुनी वा दोचिरा देस का?' 'ओ' हे आदराचं उपपद, आणि शब्दकोशात 'कुनी' म्हणजे देश; म्हणजे शब्दशः 'आपला देश कोणता?' मग दोघेही जपानी असताना हा प्रश्न कसा? भाषांतर काय करावं?

माझ्या मते 'आपला मुलूख कोणता?' असं करावं. 'गाव' म्हटलं तर अर्थ कळेल, पण कुनी गावाहून बराच मोठा.

जुन्या जपानात कुनी म्हणजे प्रांत. सात्सुमा, तोसा, सानुकी, शिनानो असे साठांहून अधिक. एदो काळात (1603 ते 1868) प्रत्यक्ष कारभार दाइम्यो सरदारांच्या अडीचशेहून जास्त संस्थानांत वाटलेला होता, आणि लोक आपल्या संस्थानालाही कुनीच म्हणत. दाइम्यो एदोला (आजच्या टोकियोला) हजेरीला गेला की मागे कारभार सांभाळणारा तो 'कुनी-गारो'. आज ज्याचा अर्थ आपण 'राष्ट्र' करतो तो 'कोक्का' शब्दसुद्धा असाच. योनेझावाचे दाइम्यो उएसुगी योझान यांनी 1785 मध्ये आपल्या वारसाला लिहून दिलं, की कोक्का पूर्वजांकडून आलेली आणि वंशजांकडे जायची असते, ती आपली खासगी मिळकत नव्हे. ही कोक्का म्हणजे योनेझावा संस्थान. इथे 'राष्ट्र' लिहिलं तर सगळाच अर्थ बिघडतो.

एदो काळानंतर आलेल्या मेइजी सरकारने 1871 मध्ये संस्थानं खालसा करून 'केन', म्हणजे सरकारी विभाग, नेमले. आधी तीनशेच्या वर, मग जोडतोड होत 1888 पर्यंत सगळे मिळून 47 विभाग उरले. पण नव्या राष्ट्रासाठी अक्षर घेतलं ते जुन्या कुनीचंच. जोडशब्दांत त्याचा उच्चार 'कोकु' होतो. 'कोकुमिन' म्हणजे राष्ट्राची प्रजा, 'कोकुगो' म्हणजे राष्ट्रभाषा. कोकुगो हा 1900 मध्ये प्राथमिक शाळेतला विषय झाला. आणि 'ओकुनी-कोतोबा'? अक्षर तेच, अर्थ मात्र प्रांतातली बोली. कोकुगोच्या शाळेत ओकुनी-कोतोबाला जागा नव्हती. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर तर शाळेत घरची भाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवत. एकाच अक्षरातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एकाने दुसऱ्याला असं शाळेबाहेर काढावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मराठी माणसाला हे समजायला जड नाही. कोकणातला माणूस घाट चढून 'देशावर' जातो, तेव्हा तो कुठली सरहद्द ओलांडत नाही. 'देशस्थ'मधला देशही तोच. त्या हिशेबाने 'तुमचा देश कोणता?' हेही चुकीचं ठरत नाही, पण आजचा वाचक अडखळेल. 'मुलूख'मध्ये प्रांतही येतो आणि घरची ओढही. 'कुनी नि काएरु' म्हणजे तर थेट 'मुलखाला परत जाणे'.

हाच प्रश्न जपानी माणूस तुम्हा-आम्हाला विचारील, तेव्हा मात्र 'देश'च लिहावं.