काट्याचं नाव रोज का बदलतं?

प्रश्न : लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. बिलिंगच्या पीसीवर उबुंटू २२.०४ आहे. वजनकाटा आणि पावतीचा प्रिंटर दोन्ही एकाच कंपनीच्या यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवर जोडलेत. पीसी रीस्टार्ट केला की कधीकधी वजन मागितल्यावर प्रिंटरच कागद सोडतो. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, सेटिंग बदला. रोज बदलायचं का?

उत्तर : नाही, आणि दोष सॉफ्टवेअरचाही नाही. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) उपकरणं ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने तो टीटीवाययूएसबी०, टीटीवाययूएसबी१ अशी नावं वाटतो. दर बूटला तोच क्रम राहील असं नाही. कर्नल नेटलिंक सॉकेटवर (प्रोग्रॅमना निरोप देण्याच्या त्याच्या वाटेवर) ‘अमुक उपकरण आलं’ एवढी वर्दी देतो. ती ऐकून परवानग्या, गट आणि कायमचे दुवे (उपकरणाकडे नेणारी पक्की टोपणनावं) लावण्याचं काम सिस्टीमडी-युडेव्हडी (थोडक्यात युडेव्ह) हा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, करतो. तेव्हा पक्कं नाव त्याच्याकडून घ्यायचं.

त्याने बनवलेले दुवे /डेव्ह/सिरियल या फोल्डरमध्ये आधीच असतात. त्यात बाय-आयडी आणि बाय-पाथ असे दोन भाग असतात. बाय-आयडीत कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर यांवरून नाव बनतं, पण तुमच्याकडे ते चालण्याची शक्यता कमी. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बहुधा सीएच३४० चिप असते (व्हेंडर १ए८६, प्रॉडक्ट ७५२३) आणि तिला सहसा सिरियल नंबरच नसतो. दोघांचं नाव एकच, मग दुवा एकाच्याच वाट्याला येतो. तुमच्यासाठी बाय-पाथ बरा. तो यूएसबी पोर्टवरून ठरतो. काटा कायम एकाच पोर्टला लावा, पोर्टवर मार्करने खूण करा आणि सॉफ्टवेअरमध्ये तो लांबलचक पत्ता एकदाच भरा.

छोटं नाव हवं असेल तर /ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी मध्ये ९९ने सुरू होणाऱ्या नावाची, .रूल्स शेपटीची फाइल करून तीत नियम लिहा. त्यासाठी युडेव्हच्या युडेव्हएडीएम या कमांडच्या इन्फोला ‘-ए’ देऊन उपकरणाची माहिती काढा. त्यात उपकरण आणि त्याचे पालक (ते ज्यांच्यामार्फत जोडलंय ते वरचे दुवे नव्हे, वरची उपकरणं) एकाखाली एक दिसतात. ज्या पालकाकडे व्हेंडर नंबर आहे त्याचंच कर्नल्स मूल्य (उदा. १-१.३) घ्या. अटी दोन वेगवेगळ्या पालकांतून उचलल्या की नियम लागू होत नाही, आणि चूकही दाखवत नाही. इथेच बहुतेकांचे तास जातात. अटीत दोन बरोबर-चिन्हं लागतात, आणि सिमलिंकपुढे (दुव्याचं नाव देणाऱ्या शब्दापुढे) अधिक-बरोबर. नुसतं बरोबर लिहिलंत तर आधीचे दुवे पुसले जातात. शेवटी युडेव्हएडीएम कंट्रोलने रीलोड करा आणि वायर काढून पुन्हा लावा. नियम बदलला म्हणून आधीच जोडलेल्या उपकरणाचं नाव आपोआप बदलत नाही.

कन्व्हर्टर क्षणभर दिसून गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय तपासा. ब्रेल डिस्प्लेसाठीचं हे पॅकेज २२.०४मध्ये वर दिलेला १ए८६-७५२३ हाच नंबर स्वतःचा समजून कन्व्हर्टर ताब्यात घेतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर काढून टाका.

दुकान चालू असताना अचानक टीटीवाययूएसबी०चा टीटीवाययूएसबी२ झाला तर युडेव्हएडीएम मॉनिटर चालू ठेवून बघा. ‘रिमूव्ह’ आणि लगेच ‘ॲड’ येत असेल तर वायर ढिली आहे किंवा पिनांना गंज लागलाय. पावसाळ्यात आपल्याकडे हे नेहमीचंच. जुना पोर्ट सॉफ्टवेअरने उघडा धरलेला असल्यामुळे कर्नल तोच नंबर पुन्हा देत नाही. पक्का दुवा नव्या नंबरकडे वळतो, पण सॉफ्टवेअरला पोर्ट बंद करून पुन्हा उघडावाच लागतो. आणि खराब वायरवर कुठलाही नियम लिहून उपयोग नाही, वायर बदला.

प्रश्न : पेनड्राइव्ह लावताच बॅकअप व्हावा म्हणून युडेव्हच्या नियमात रनमध्ये स्क्रिप्ट दिली. ती सुरू होते आणि अर्ध्यावर मरते. माउंट केलेलं फोल्डरही रिकामं दिसतं. (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : रन हे क्षणभराच्या कामासाठी आहे. इव्हेंट हाताळून झाला की डीमन मागे उरलेल्या प्रक्रिया मारतो. स्क्रिप्ट बॅकग्राउंडला ढकलूनही सुटका नाही. शिवाय डीमन सँडबॉक्समध्ये, स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (माउंटच्या स्वतंत्र यादीत) चालतो. तिथे केलेलं माउंट बाहेर दिसत नाही. स्क्रिप्टला सिस्टीमडीची वनशॉट (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारची सर्व्हिस करा, माउंटही तिच्यातच घ्या. नियमात फक्त सिस्टीमडी हा टॅग आणि सिस्टीमडी_वॉन्ट्समध्ये त्या सर्व्हिसचं नाव द्या. पेनड्राइव्हची ओळख एसडीबी१ अशा नावावरून नको, फाइलसिस्टीमच्या यूयूआयडीवरून (तिच्या एकमेव ओळख-क्रमांकावरून) करा. तो ६० क्रमांकाच्या नियमांत भरला जातो, त्यामुळे तुमची फाइल ६०च्या पुढची हवी, ९० ठीक.

प्रश्न : फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर युडेव्हचे हेच नियम चालतील का?

उत्तर : नाही. तिथे डेव्हडी आहे, तो /डेव्ह/डेव्हसीटीएलवरून इव्हेंट वाचतो. मूळ डेव्हडी.कॉन्फला हात न लावता आपली फाइल /यूएसआर/लोकल/ईटीसी/डेव्हडी मध्ये ठेवा. एका इव्हेंटला अनेक नियम जुळले तरी सर्वांत मोठ्या प्राधान्य-आकड्याचा एकच चालतो, म्हणून तुमचा आकडा मूळ फाइलमधल्यापेक्षा मोठा ठेवा आणि डेव्हडी रीस्टार्ट करा.