कोळसा आहे तसा मोज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा दोन आलेख पुढ्यात टाकून तू विचारलंस, ‘काका, यातला खरा कोणता?’ कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या कोळशाच्या थरात किती साठवता येईल, हे तू मोजतेस. दोन्ही आलेखांत एकाच थराचा कोळसा. वाळवून मोजला तर कार्बन डायऑक्साइड भरपूर धरतो, ओला मोजला की आकडा घसरतो. प्रबंधात वाळलेला दे, उठून दिसतो, असा सल्ला तुला मिळालाय.

ओला खरा. जमिनीखाली कोळसा कोरडा नसतो, मग तू कोरडा का मोजतेस?

आपली कडक भाकरी आमटीत चुर. बघता बघता आमटी पिऊन टाकते. तव्यावरून उतरलेली मऊ भाकरी तेवढी पीत नाही, तिच्यात पाणी आधीच आहे. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांतही पाणी आधीच जागा बळकावून बसतं आणि वायूला उरलेल्या जागेवर भागवावं लागतं. लिग्नाइटसारख्या कोवळ्या कोळशात तर फारच.

पद्धत तुला पाठ आहे. पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणावर, ३० अंशांना, ९६-९७ टक्के आर्द्रतेत, वजन स्थिर होईपर्यंत नमुना ठेवायचा. दिवस जातात, म्हणून लोक टाळतात. त्यात सोलापूरचा मे! ओला चुरा काट्यावर उघडा ठेव आणि नुसती बघत राहा: चौथ्या दशांश स्थानाचा आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो. तेवढ्यात तुझा कोळसा बदललेला असतो. आहे तसा मोज!

मी मोजला नाही. नोकरीत असताना एका अहवालात १०५ अंशांना वाळवलेल्या चुऱ्याचा आकडा दिला. ‘कोरडा’ हा शब्द तळटीपेत. वरच्यांनी तळटीप वाचलीच नाही, त्याच आकड्यावरून अख्ख्या थराची क्षमता काढली. मी गप्प बसलो. नोकरी नवी होती, घरी दोन लहान मुलं होती, आणि तळटीप मी दिलीच होती ना? दिली होती. तरी तो अहवाल आठवला की घास उतरत नाही.

राखही अशीच. आपल्या गोंडवाना कोळशात, म्हणजे भारतातल्या बहुतेक दगडी कोळशात, तीस-चाळीस टक्के राख सर्रास असते, ती वायू जवळजवळ धरतच नाही. ती वजा करून आकडा फुगवू नकोस.

आणि कोळसा स्वतः फुगतो, त्याचं काय? न्यू मेक्सिकोतल्या सॅन वान खोऱ्यात, अ‍ॅलिसन इथे १९९५ पासून कोळशाच्या थरात कार्बन डायऑक्साइड सोडला. वायू धरून कोळसा फुगला. वर खडकाचा भार, बाजूला सरकायला जागा नाही, मग त्याने स्वतःच्याच भेगा आवळल्या. वायू आत जायचा वेग उतरला. चुऱ्याला भेगाच नसतात, तो तुला हे कधीच सांगणार नाही. अखंड तुकडा घे, ओला घे, दाबाखाली घे.

सोलापूरखाली तर बेसाल्टचा कातळ, मग इथे बसून हे कशाला, असंही तू म्हणालीस. ते मला आवडलं नाही. दक्षिण सोलापुरातल्या वीजकेंद्राचे ६६० मेगावॉटचे दोन संच कशावर चालतात?

दोन्ही आकडे छाप. ओला मजकुरात, कोरडा तळटीपेत. कोणी उलटं करायला सांगितलं तर ऐकू नकोस, मी ऐकलं होतं.

माझा जुना काचेचा डेसिकेटर, नमुना ठेवायचं घट्ट झाकणाचं भांडं, माळ्यावर आहे. झाकणाच्या कडेला ग्रीस लावावं लागेल. रविवारी सकाळी ये आणि घेऊन जा.

तुझा,
काका