सिम्युलेशन : नक्कल, आभास की करून पाहणं?

प्रश्न असा आहे : रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करताना 'शरीररचनेचं कॉम्प्युटर सिम्युलेशन' (म्हणजे रुग्णाचं शरीर संगणकावर उभं करून त्यावर उपचार आधी आजमावणं) याला 'शरीराची आभासी नक्कल' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. दोन्ही शब्द नकोत.

दस्तऐवजाची नक्कल म्हणजे साधी प्रत, त्यात वावगं काही नाही. पण माणसाची नक्कल म्हटलं की चेष्टा आलीच. 'आभास' तर त्याहून वाईट. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. ज्याच्या मेंदूत गाठ आहे त्याने 'तुमचे उपचार आभासी शरीरावर ठरवले जातील' हे वाचलं तर त्याला धीर कसा येणार? पडद्यावर दिसणारी गाठ त्याची स्वतःची असते, त्याच्याच स्कॅनवरून मोजून घेतलेली. 'व्हर्च्युअल'साठी आभासी रूढ झालाय, तो तेवढ्यापुरताच राहू द्यावा.

मूळ शब्दात खोटेपणाची छटा होती, हे खरं. लॅटिनमधल्या 'सिमिलिस', म्हणजे 'सारखा', या शब्दाच्या कुळातला हा शब्द. इंग्रजीत तो आधी बतावणी या अर्थाने वापरला जायचा. आजारी नसताना आजाराचं सोंग आणणं हेही सिम्युलेशनच. 'सोंग' आणि 'बतावणी' या जुन्या अर्थाला चपखल बसतात, आजच्या शास्त्रीय अर्थाला नाही. 'सदृशीकरण' मात्र थेट 'सारखा' या मुळाशी जातो, म्हणून पारिभाषिक नाम हवंच असेल तिथे मी तोच शब्द वापरते.

पण त्याआधी 'शरीररचनेचं' हा शब्द तपासायला हवा. मराठीत शरीररचना आणि शरीरक्रिया असे दोन स्वच्छ शब्द आहेत आणि इथे ते फार उपयोगी पडतात. रचनेची प्रतिकृती होते. सदृशीकरण होतं ते क्रियेचं. अमेरिकेतल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या अख्ख्या देहाची छायाचित्रं खुली केली. गोठवलेला देह एकेक मिलिमीटर तासत जायचं आणि प्रत्येक थराचा फोटो घ्यायचा, अशी ती पद्धत. पुढच्या वर्षी स्त्रीदेहाची छायाचित्रं आली, तिथे थर ०.३३ मिलिमीटरचे होते. ही रचना झाली, अतिशय बारकाईने टिपलेली, पण स्तब्ध. उलट ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये हृदयातल्या पेशीची विद्युतक्रिया समीकरणांत मांडून संगणकावर सोडवली. तिथे हृदयाचं चित्र नव्हतं, पण ठोक्यामागची क्रिया घडत होती. आजच्या कामात दोन्ही एकत्र येतात : रचना स्कॅनमधून, क्रिया समीकरणांमधून. 'शरीररचनेचं सिम्युलेशन' या शब्दप्रयोगात नेमका हा दुसरा अर्धा भाग हरवतो.

आणखी एक अडचण आहे, आणि भाषांतर करणाऱ्याला ती ठाऊक असायलाच हवी. रेडिओथेरपी विभागात 'उद्या तुमचं सिम्युलेशन आहे' असं सांगतात तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा असतो. रुग्णाला सपाट, कडक फळीवर निजवतात. डोक्याचे किंवा मानेचे उपचार असतील तर गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती घट्ट होऊन मुखवटा तयार होतो. मग लेझरच्या रेषांवर खुणा करायच्या आणि त्याच स्थितीत सीटी काढायचा. इथे खरा माणूस, खरी फळी, फक्त उपचाराचे किरण सोडायचे नाहीत. याला 'सदृशीकरण' म्हणणं चूकच. 'तालीम' हा शब्द इथे मला मनापासून आवडतो : पात्र तेच, स्थिती तीच, प्रयोग मात्र नंतर. किरणांची दिशा आणि मात्रा यांचं संगणकावरचं गणित त्यापुढे सुरू होतं.

आणि त्या गणितासाठी मराठीत नाम शोधत बसण्याची गरजच नाही. आपल्याकडे '-ऊन पाहणं' आहे. घालून पाहिलं, विचारून पाहिलं, चालून पाहिलं. प्रत्यक्ष करण्याआधी किंवा करता करता अंदाज घ्यायचा, हा सगळा अर्थ त्या एका 'पाहणं'मध्ये आहे. 'धमनीत स्टेंट बसवल्यावर रक्ताचा दाब किती बदलेल ते संगणकावर करून पाहिलं' हे वाक्य डॉक्टरांनाही खटकणार नाही आणि रुग्णाच्या आजीलाही कळेल.

'डिजिटल ट्विन', म्हणजे रुग्णाच्या बरोबरीने बदलत जाणारी संगणकावरची प्रतिकृती, यासाठी 'डिजिटल जुळं' चालेल का, असंही प्रश्नात विचारलं आहे. चालेल, पण जपून. रुग्णाची नवी मोजमापं वेळोवेळी घेऊन प्रतिकृती बदलत असेल तरच ते जुळं. एकदाच केलेली असेल तर साधी प्रतिकृतीच म्हणावी.

तेव्हा पत्रकात मी असं लिहीन : 'तुमच्या स्कॅनवरून संगणकावर तुमच्या शरीराची प्रतिकृती तयार केली जाईल. उपचाराचे वेगवेगळे पर्याय आधी त्या प्रतिकृतीवर करून पाहिले जातील.'